जॉइंट फोटो आणि दोन पॅनेल

माणसानं दुसऱ्याच्या नव्या घरात उभं राहून कोणालाही शब्द देऊ नये. रंगाचा ताजा वास असतो, हातात चहा असतो, जो तो आपल्याला 'कसं वाटतंय' म्हणून विचारत असतो आणि त्या भरात आपण तज्ज्ञ होऊन बसतो. माझं तसंच झालं. माझ्या भाच्यानं, इंद्रजितनं, कुंडलला उसाच्या रानाकडेला घर बांधलं. ते बघायला मी आणि माझी बायको मंगल कराडजवळच्या मलकापूरहून गेलो होतो. इंद्रजितची आई हरणाबाई ही माझी थोरली बहीण. मी तिला आक्का म्हणतो. आक्का हॉलच्या मोकळ्या भिंतीपुढं उभी होती. भिंतीत खिळा आधीच ठोकून झालेला होता.

"ह्या खिळ्याला आमच्या दोगांचा फोटू लावायचा हाय," आक्का म्हणाली. "वास्तुशांतीच्या आत."

आता दाजी जाऊन नऊ वर्षं झाली. दाजी सैन्यातले हवालदार. शत्रूला भ्याले नसतील, पण बायकोबरोबर चारचौघांत दिसायला मात्र फार भ्यायचे. गावातून जाताना ते आक्काच्या चांगले दहा पावलं पुढं चालायचे. लग्नकार्यात कॅमेरावाला आमच्याकडं वळला की दाजी हमखास मंडपाचे दोर तपासायला उठायचे. त्यामुळं दोघांचा मिळून आख्ख्या जन्मात एकच फोटो निघाला. तोही सरकारनं मागितला म्हणून. सैन्यातून निवृत्त होताना पेन्शनच्या कागदांना नवराबायकोचा जॉइंट फोटो लागतो, तो. त्याच्या तीन प्रतींपैकी एक आक्काच्या ट्रंकेत होती.

आक्कानं ती प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढून माझ्या हातात दिली. फोटो तळहातावर मावेल एवढा. पलटणीतल्या साहेबानं तो खरा असल्याची सही केली होती आणि वर गोल शिक्का मारला होता. तो नेमका आक्कावर बसला होता. दाजी लख्ख दिसत होते आणि आक्काचा एक डोळा, अर्धा गाल आणि खांदा जांभळ्या शाईत बुडाला होता.

"पलूसला स्टुडिओ हाय मामा, त्येच्याकडं देतो," इंद्रजित म्हणाला.

तिथंच मी गप्प बसायला पाहिजे होतं. पण स्टुडिओवाल्यांवर माझा जुना राग. आमच्या कॉलनीतल्या एका गृहस्थांनी हयातीत सदऱ्याखेरीज काही घातलं नाही. ते गेल्यावर स्टुडिओवाल्यानं त्यांना कोट-टाय चढवून मागं बर्फाचे डोंगर उभे केले. त्यांच्या दहाव्याला आलेली माणसं भलत्याच घरी आलो की काय म्हणून दारातून मागं फिरत होती. मी हे सगळं साग्रसंगीत सांगितलं आणि शेवटी म्हणालो, "कुणाकडं द्यायचं नाही. मी एकतीस वर्षं चित्रकला शिकवलीय. मी करतो."

"तूच कर जोत्या," आक्का म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "पर हातानं काडू नगंस."

हे मला लागलं. दाजींच्या वर्षश्राद्धाला मी त्यांचं तैलचित्र रंगवून नेलं होतं. तीन पाहुण्यांनी हार घालताना हे कोण म्हणून चौकशी केली आणि एकानं कारखान्याचे जुने चेअरमन का, असं विचारलं. मी ते चित्र कलेच्या दृष्टीनं आजही उत्तम मानतो. पण आक्कापुढं वाद घालायची माझी छाती नाही. आई गेली तेव्हा मी पाच वर्षांचा होतो. मला आंघोळ घालणं, शाळेत ओढत नेणं, माझ्या रंगपेटीसाठी आमच्या वडिलांशी, अण्णांशी, भांडणं हे सगळं आक्कानं केलं. तिनं माझ्याकडं आजवर काही मागितलं नव्हतं. हा फोटो तिची पहिली मागणी होती, आणि मला वाटलं, ही तरी आपल्याकडून नीट पार पडावी.

"कॉम्प्युटरवर करतो," मी म्हणालो.

मंगलनं माझ्याकडं बघितलं. आमच्या घरात कॉम्प्युटर नव्हता. वास्तुशांतीला पाच आठवडे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या कॉलनीच्या कट्ट्यावर मी अगदी साधा प्रश्न टाकला. फोटोचं आणि चित्रांचं काम करायला कोणता कॉम्प्युटर घ्यावा? आमच्याकडची हवा ज्यांना ठाऊक नाही त्यांना यात काही धोका दिसायचा नाही. पण सातारा-सांगलीकडं कुठलंही काम दोन पॅनेल पडल्याशिवाय सुरू होत नाही. कारखाना असो, दूध संघ असो, शाळेची कमिटी असो, दोन पॅनेल नसतील तर लोकांना ते काम खरंच वाटत नाही. आमच्या कॉलनीत पाण्याच्या टाकीला कुलूप कोणतं घ्यावं यावर दोन पॅनेल झाली होती आणि टाकी दीड वर्ष उघडी होती.

"इच्यार कसला करताय सर?" सुभेदार हंबीरराव म्हणाले. ते आमचे उजवीकडचे शेजारी. निवृत्त होऊन वीस वर्षं झाली तरी सकाळी कट्ट्यावर बूट घालून येतात. "विंडोज घ्या. आमच्या युनिटच्या हापिसात त्येच हुतं. सगळी फौज त्येच्यावर चालती. फौजंला जे चालतं त्ये तुमच्या आक्काला न चालायला काय झालं?"

"सुभेदार, ते पत्रं टाइप करायला," यशराज म्हणाला. यशराज आमचा डावीकडचा शेजारी. लग्नाचे अल्बम करतो, कानात बाळी घालतो. "फोटोच्या कामाला मॅक पायजे. रंग हाय तसा दिसतो. मी एवढी लग्नं केली सर, एक नवरी तक्रार घिऊन आली न्हाई."

"नवऱ्या सासरी जात्यात. तक्रार करायला तुज्याकडं कशा येतील?" सुभेदार म्हणाले.

दादासो तिथंच तंबाखू मळत बसले होते. ते कारखान्याच्या ऑफिसात होते आणि त्यांनी आयुष्यात इतक्या निवडणुका बघितल्यात, की त्यांना दोन माणसं वेगवेगळ्या दिशेला बघताना दिसली तरी पॅनेल दिसतात. ते म्हणाले, "झालं तर मग. दोन उमेदवार पडलं. चिन्हं बी तयार हायती. यांची खिडकी, त्यांचं सफरचंद."

दुपारपर्यंत कॉलनी दुभंगली. ज्यांच्या घरी कॉम्प्युटर नव्हता तेसुद्धा कोणत्या ना कोणत्या बाजूला गेले. सुभेदारांच्या बाजूला सगळे माजी सैनिक, बँकेतून निवृत्त झालेले दोघे, आणि यशराजनं ज्यांच्या मुलीच्या लग्नात जेवणाच्या पंगतीचेच फोटो जास्त काढले ते एक गृहस्थ. यशराजच्या बाजूला तरुण मंडळी, आणि सुभेदारांशी पार्किंगवरून ज्यांचं वाजलं होतं ते सगळे. मतदार मात्र एकच होता, तो म्हणजे मी.

आता मी खरं ते सांगतो. मला ते आवडलं. एकतीस वर्षांच्या नोकरीत मुख्याध्यापकांनी माझं मत फक्त रांगोळी स्पर्धेच्या वेळी विचारलं, आणि तेव्हाही नंबर आधीच ठरलेले असायचे. इथं मात्र सकाळी सुभेदारांच्या घरून शेवग्याच्या शेंगा येत होत्या, संध्याकाळी यशराज मला मिसळ खायला कराडला नेत होता. मी दोन्हीकडं ऐकून घ्यायचो, मान हलवायचो आणि 'बघू, विचार करतो' असं म्हणायचो. आमच्याकडचे पुढारी हे वाक्य का सोडत नाहीत ते मला त्या दिवसांत कळलं.

आठवडा झाला की आक्काचा फोन यायचा. "झाला का रं?"

"चाललंय आक्का. आधी साधनाची निवड व्हावी लागते."

"बरं बरं. घाई करू नगंस. पर वास्तुशांतीच्या आत हू दे."

तिसऱ्या आठवड्यात सुभेदारांनी मला साताऱ्याला नेलं. माजी सैनिकांच्या कँटीनमध्ये, म्हणजे त्यांच्या सवलतीच्या दुकानात, कॉम्प्युटर मिळतो, असं त्यांनी सांगितलं होतं. आक्का हवालदाराची पत्नी, तेव्हा तिच्या कार्डावर तो घ्यायचा, अशी योजना होती. आक्काचं कार्ड मी इंद्रजितकडून मागवून घेतलं. एसटीत सुभेदारांनी मला शिस्तीवर भाषण दिलं. कँटीनच्या रांगेत उभं राहिल्यावर त्यांना तिथं त्यांच्या पलटणीतली चार माणसं भेटली आणि मला ते विसरून गेले.

खिडकीशी पोचलो तेव्हा आतल्या माणसानं फार सभ्यपणे सांगितलं, की कॉम्प्युटर असा काउंटरवर मिळत नसतो. आधी ऑनलाइन मागणी करायची, ती मंजूर व्हायची, मग पुढचं. मागणी करायला कार्डधारकाच्या मोबाइलवर नंबर येतो, तो लगेच सांगायचा. मी तिथूनच आक्काला फोन लावला. आक्काचा फोन इंद्रजित पाणी पाजायला रानात घेऊन गेला होता. त्यानं उचलला, नंबर वाचायला चष्मा लागत नाही म्हणून अभिमानानं सांगितलं, आणि तेवढ्यात फोन पाटात पडला.

"मग आज इथं काय मिळतं?" मी विचारलं. इतक्या लांब आल्यावर रिकाम्या हातानं जाणं माझ्या जिवावर आलं होतं.

संध्याकाळी मी प्रेशर कुकर घेऊन घरी आलो. मंगलनं तो खोक्यातून काढला, झाकण लावून बघितलं आणि विचारलं, "ह्यात फोटो किती शिट्ट्यांत होतो?"

सुभेदारांनी मला साताऱ्याला नेलं म्हटल्यावर यशराज स्वस्थ बसणं शक्य नव्हतं. तो मला आपल्या गाडीतून सांगलीला एका मोठ्या दुकानात घेऊन गेला. दुकान असं गार होतं, की मी आत गेल्यावर आधी मफलर शोधला. कॉम्प्युटर टेबलांवर मोकळे मांडलेले होते आणि कोणीही हात लावला तरी कोणी ओरडत नव्हतं. शाळेत पोरांना रंगाच्या बाटल्यांपासून लांब ठेवण्यात माझी हयात गेली, त्यामुळं मला ते पटलं नाही.

एक मुलगी आली. तिनं विचारलं, "काका, तुमचा वर्कफ्लो काय असतो?"

मी म्हणालो, "सकाळी फिरणं, मग पेपर. दुपारी थोडं पडतो."

यशराज खोकला. मुलगी मात्र गुणाची. तिनं पुन्हा विचारलं, "म्हणजे तुम्ही क्रिएटिव्ह फील्डमधले आहात का?"

आता हा प्रश्न चित्रकलेच्या शिक्षकाला विचारायचा असतो का? मी तिला इंटरमीजिएटची परीक्षा, जलरंगाचे तीन हात आणि तालुक्यातल्या चार मंदिरांवर मी रंगवलेले गणपती याबद्दल थोडक्यात सांगितलं. ती ऐकत राहिली. मागं दोन गिऱ्हाइकं येऊन थांबली. मग तिनं पडद्यावर तळ्याचं चित्र दाखवून रंग बघा म्हणून सांगितलं. रंग छान होते, पण पाण्याचा निळा चुकलेला होता आणि सावली उजेडाच्याच बाजूला होती. मी तसं म्हणालो. ती म्हणाली, "काका, हा खरा फोटो आहे." मी म्हणालो, "मग निसर्गाचं चुकलंय." किंमत मात्र तिनं अगदी हळू आवाजात सांगितली, आणि मी पाणी मागितलं. येताना यशराजनं मला भडंगाची मोठी पिशवी घेऊन दिली. मी खिडकीतून बाहेर बघत भडंग खाल्लं आणि 'बघू, विचार करतो' म्हणालो.

चौथ्या आठवड्यात दादासोंनी निवडणूक बिनविरोध करायचा प्रयत्न केला. त्यांनी कुठूनसं ऐकलं होतं, की एकाच मशीनवर दोन्ही बसवता येतात. सफरचंदाच्या आत खिडकी. ते दोन्ही पॅनेलना एकत्र बसवून म्हणाले, "पहिली अडीच वर्सं ह्यो, नंतर अडीच वर्सं त्यो." दोन्ही बाजू एकदम उठून गेल्या. त्या दिवशी प्रथमच सुभेदार आणि यशराज यांचं कशावर तरी एकमत झालं.

घरी आलो तर मंगल फोनवर होती. तिनं फोन ठेवला आणि समोर येऊन बसली.

"आक्कांचा होता," ती म्हणाली. "तुम्हाला विचारायला कचरतात त्या. मला म्हणाल्या, त्याला जमत नसंल तर ऱ्हाऊ दे, त्याच्या मागं लागू नगंस. खिळा काय, कॅलेंडर लावीन म्हणाल्या."

मी पेपर पुढं ओढला.

"शेंगा खाऊन झाल्या, मिसळ खाऊन झाली," मंगल म्हणाली. "आता आक्कांचं काम करा."

मला खरोखर लाज वाटली. मी तसाच उठलो आणि दोन्ही शेजाऱ्यांना बोलावून जाहीर केलं, की कॉम्प्युटर खरेदी बेमुदत पुढं ढकलली आहे. आता ज्यानं त्यानं आपापल्या मशीनवर आक्काचा फोटो करून दाखवावा. सुभेदारांकडं त्यांच्या मुलानं ठेवलेला विंडोजचा कॉम्प्युटर होता, तिथं मी स्वतः बसायचं. यशराजनं त्याच्या मॅकवर बसायचं. फोटो मोठा करून, शिक्का काढून, फ्रेम करून दोघांनीही वास्तुशांतीला आणायचा. आक्का जो निवडेल तो खिळ्याला.

यशराजनं मूळ फोटो स्कॅन करून घेतला आणि एक प्रत आम्हाला दिली. काम सुरू करणार तेवढ्यात सुभेदारांनी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला.

"एक मिनिट सर. ह्यो शिक्का काडायचा म्हंजी काय?"

"म्हणजे पुसायचा."

"आनि सही?"

"तीही."

सुभेदार ताठ उभे राहिले. "कॅप्टनची सही हाय ती. आपून खोडणार?"

मी त्यांना समजावलं, की आपण कागदाला हात लावत नाही, फक्त पडद्यावर पुसतोय. ते ऐकायला तयार नव्हते. साहेबानं एकदा सही केली म्हणजे ती निवृत्त होत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. शेवटी त्यांनी तोड काढली. मूळ फोटो त्यांच्या ताब्यात राहील. तो त्यांनी प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून सदऱ्याच्या खिशात ठेवला, खिशाला बटण लावलं आणि वास्तुशांतीला स्वतः आक्काच्या हातात परत करीन असं सांगितलं. मग माझ्या मागं उभं राहून, पण पडद्याकडं पाठ करून, ते खिडकीबाहेर बघत राहिले.

फोटो पुसण्याचं काम मी पाच दिवस केलं. सुभेदारांच्या मुलानं फोनवरून शिकवलं, की चांगल्या जागेचा रंग उचलायचा आणि डागावर ठेवायचा. हे मला लगेच जमलं. भिंतीवरच्या गणपतींना पोपडे आले की मी तेच करायचो. पहिल्या दिवशी दाजींची मिशी आक्काच्या कपाळावर गेली. दुसऱ्या दिवशी ती परत आली. तिसऱ्या दिवशी वीज गेली आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. पण चौथ्या दिवशी शाईखालून आक्काचा डोळा वर आला आणि मी खुर्चीतल्या खुर्चीत सावरून बसलो. पस्तीस वर्षांपूर्वीची माझी आक्का माझ्याकडं बघत होती. पाचव्या दिवशी मी तिचं लुगडं, पदर, खांदा सगळं घासूनपुसून काढलं. एक ठिपका राहू दिला नाही. मंगल येऊन बघून गेली आणि काहीच टोचून बोलली नाही, म्हणजे काम चांगलं झालं होतं.

यशराजचं काम त्याच्या मशीननं अर्ध्या तासात केलं. त्याच्याकडं चेहरा आपोआप भरून देणारं काहीतरी होतं. त्यानं मला दाखवलं तेव्हा आक्काचा रंग उजळला होता, गालावर लाली होती आणि ती सगळे दात दाखवून हसत होती. आक्का अशी हसलेली मी जन्मात बघितली नव्हती. "दात कमी कर," मी म्हणालो. त्यानं तोंड मिटवलं. बाकी त्याचं काम सफाईदार होतं हे मला मान्य करावं लागलं. शिक्क्याचा मागमूस नव्हता.

वास्तुशांतीला कॉलनीतली दोन्ही पॅनेल कुंडलला आली. इंद्रजितनं आमंत्रण चौघांना दिलं होतं, आले तेवीस. आचाऱ्यानं डोकी मोजली आणि भाताला आणखी तांदूळ धुतले. होम झाला, गुरुजींची दक्षिणा झाली, आणि पंगत बसायच्या आधी हॉलमध्ये खिळ्याखाली दोन्ही फ्रेम कागदात गुंडाळून उभ्या केल्या. दादासोंनी मधोमध खुर्ची टाकून घेतली. आमच्याकडं मतमोजणीला असते तशी शांतता झाली.

यशराजनं आपला कागद फाडला. मंडळींतून 'वा' आला. मग मी माझा फाडला. माझ्याही वाट्याला 'वा' आला, आणि मला वाटतं तो जरा मोठा होता.

आक्का नवीन लुगडं नेसून पुढं आली. तिनं चष्मा पदरानं पुसला. आधी यशराजचा फोटो जवळून बघितला, मग माझा. मग परत यशराजचा. तिचा चेहरा हळूहळू उतरत गेला. तिनं दोन्ही काचांवर एकाच जागी हात फिरवला, तिच्या स्वतःच्या खांद्यावर.

"जोत्या," ती म्हणाली, "बोटं कुटं गेली?"

"कसली बोटं?"

"ह्यांची. हितं हुती की. माज्या खांद्यावर, चार."

कोणाला काही कळेना. सुभेदारांनी खिशाचं बटण काढलं, पाकिटातून मूळ फोटो काढून तिच्या हातात दिला. आक्कानं नखानं जागा दाखवली. शिक्क्याच्या कडेला, शाईच्या आत, तिच्या पलीकडच्या खांद्यावर चार फिकट ठिपके होते. मी ते पाचव्या दिवशी डाग म्हणून पुसले होते. यशराजच्या मशीननंही पुसले होते. एकतीस वर्षं मी मुलांना हात कसा काढायचा ते शिकवलं, आणि माझ्याच दाजींचा हात मला ओळखता आला नाही.

"फोटुवाला म्हनला, हात काडा, पेन्शनचा फोटू हाय, असं चालत न्हाई," आक्का सांगू लागली. ती आमच्याकडं बघत नव्हती, फोटोकडंच बघत होती. "ह्ये म्हनलं, चोवीस वर्सं हिला हितं एकटी ठिवली, आता एका फोटूपुरता ऱ्हाऊ दे. न्हाई काडला हात. मग साहेबानं बी बगून न बगितल्यासारकं केलं आनि सही केली. गावात आल्यावर हाईच पुन्ना, दहा पावलं म्होरं."

मी म्हणालो, "आक्का, मी परत करतो. बोटं ठेवतो, फक्त तुझ्या तोंडावरचा शिक्का काढतो."

"कशाला?" आक्का म्हणाली. "माजं तोंड मी रोज आरशात बगती की."

सुभेदार कॅप्टनच्या सहीसाठी भांडले होते, पण जिंकल्यासारखं ते अजिबात दिसले नाहीत. त्यांनी रुमाल काढला. यशराज न सांगता उठला, मूळ फोटो दोन्ही हातांत धरून गाडीत बसला आणि पलूसला गेला. तिथल्या झेरॉक्सवाल्याकडून त्यानं तो काहीएक न पुसता, आहे तसा मोठा करून आणला. त्या झेरॉक्सवाल्याकडं कोणता कॉम्प्युटर होता, हे त्याला दोन्ही पॅनेलपैकी कोणीही विचारलं नाही. पंगत तोवर थांबली होती. भात गार झाला होता.

माझ्याच फ्रेममधला माझा फोटो काढून मी तो नवा आत घातला आणि खिळ्याला लावला. गोल शिक्का आता ताटलीएवढा झाला होता. अर्धी आक्का जांभळी दिसत होती आणि तिच्या खांद्यावरची चार बोटं दारातूनही ओळखू येत होती.

आक्का थोडा वेळ तिथं उभी राहिली. मग तिनं डोळे टिपले, पदर खोचला आणि आमच्याकडं वळली.

"आता बराबर हाय," ती म्हणाली. "चला, पानं मांडा."